दिवसा जाणारी लाईट

जैतुनबीला आजवर कुणी गंडवलेलं नाही, असं खुलताबादेत सगळे म्हणत. निदान जैतुनबी तरी तसं सांगायची. भाजीवाल्यापासून तहसीलच्या कारकुनापर्यंत तिनं ज्याला ज्याला सरळ केलं होतं त्यांची नावं तिला तोंडपाठ होती. ती सांगत असताना नवरा जब्बार शेजारी बसून मान डोलवायचा, कारण त्या यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. त्यामुळं सोलार बसवणाऱ्या कंपनीचा सत्यम नावाचा पोरगेला माणूस शहरातून बॅग घेऊन दारात आला, तेव्हा त्याचा निकाल आधीच लागलेला होता.

"काकू, दोन प्रकार आहेत," सत्यम समजावत होता. "एक नुसतं, लाईनला जोडलेलं. दुसरं बॅटरीवालं. बॅटरीवालं महाग पडतं, पण तुमचं मशीन बघता मी म्हणेन..."

"बॅटरी रात्रीसाठी असते ना?" जैतुनबीनं मध्येच विचारलं.

"रात्री पण चालते, आणि..."

"आमच्याकडं लाईट रात्री जात नाय. गेली तरी पाच मिनटं. जाते ती दिवसा. नऊ-दहाला जाते, दुपारी येते. आता मला सांग, ऊन कधी असतं?"

"दिवसा."

"मग बॅटरी कशाला?"

त्यावर सत्यमनं काहीतरी सांगितलंही. त्यात ग्रिड, सेफ्टी असे शब्द आले. पण तोवर जैतुनबी नवऱ्याकडं बघून हसत होती आणि नवरा मान डोलवत होता. असा बिनतोड मुद्दा मांडून झाल्यावर समोरच्याचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. सत्यमलाही त्या दिवशी आणखी चार घरं करायची होती. त्यानं बॅटरीवर काट मारली आणि सही घेतली.

मशीन म्हणजे अंडी उबवायचं मशीन. घराच्या मागं पत्र्याच्या खोलीत ते उभं होतं, मोठ्या कपाटाएवढं, एका वेळी नऊशे अंडी पोटात घेणारं. सहा वर्षांपूर्वी जब्बारनं शिलाईचं दुकान आवरलं आणि दोघांनी ते आणलं. धंद्याची रीत जैतुनबीची. दर तिसऱ्या शनिवारी खुलताबाद, सुलीभंजन, कागजीपुरा इथल्या बाया घरची गावरान अंडी भुसा घातलेल्या टोपलीतून आणायच्या. कुणाच्या अंड्यावर कुंकवाचा ठिपका, कुणाच्या अंड्यावर पेन्सिलीची रेघ, म्हणजे नंतर तोंडातोंडी नको. एकविसाव्या दिवशी, शनिवारीच, येऊन पिलं न्यायची. दहा पिलांमागं दोन मशीनची.

बायांना हे फार सोयीचं पडलं होतं. कोंबडी खुडूक झाली की तीन आठवडे अंड्यांवर बसते आणि पुढं दोन महिने पिलांमागं फिरते. तेवढा काळ अंडं नाही. आता खुडूक कोंबडी दिसली की बाया तिला गार पाण्यात दोन-तीनदा बुचकळायच्या आणि डालग्याखाली कोंडायच्या, की आठवड्यात तिचं खूळ उतरायचं. जैतुनबीचं मशीन आल्यापासून तीन गावांतल्या कोंबड्यांना आई व्हायची गरजच उरली नव्हती.

पण या सगळ्याचा जीव विजेत. अंगात बारीक ताप असावा तेवढी ऊब अंड्यांना एकसारखी लागते, आणि ती सगळीकडं फिरवायला पंखा लागतो. लाईट गेली की जब्बार हँडल मारून जनरेटर चालू करायचा. काळं, धुरकट धूड होतं ते, पण दोन मिनिटांत मशीन पुन्हा गुणगुणायला लागायचं. डिझेल सुरळीत मिळत होतं तोवर फक्त एकदा, अगदी पहिल्या हिवाळ्यात, ते इंजिन थंडीनं पकडेना. तेव्हा जैतुनबीनं मशीनचं दार गच्च लावून वर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या आणि दोन तास कुणाला दाराला हात लावू दिला नव्हता. त्या खेपेला पिलं भरघोस निघाली. ही गोष्ट तिनं नंतर इतक्यांदा सांगितली होती की ती सुरू झाली की जब्बार चहा टाकायला उठायचा.

मग आखातात लढाई पेटली, कुठल्याशा खाडीत तेलाची जहाजं अडकली आणि खुलताबादच्या पंपावर रांग लागली. खाडीचा आणि आपल्या पंपाचा काय संबंध, हे जब्बार मोबाईलवर नकाशा काढून बायकोला दाखवायचा. "एवढ्याशा बोळातून सगळ्या दुनियेचं तेल येतं?" ती म्हणायची. "मग दुसरा रस्ता कामून नाय केला कुणी?" डिझेल आठवड्या-आठवड्याला चढत होतं, आणि वर कॅनमध्ये मिळेनासं झालं. गाडीच्या टाकीत घालायचं असेल तर या, नाहीतर निघा.

जब्बारनं आपल्या परीनं हातपाय मारले. कुणीतरी सांगितलं, तळणाचं तेल गाळून डिझेलात मिसळलं तरी इंजिन चालतं. त्यानं बसस्टँडजवळच्या भजीवाल्याकडून दोन डबे काळं तेल आणलं आणि जुन्या ओढणीतून गाळलं. इंजिन चाललंही. अख्ख्या गल्लीत भज्यांचा वास सुटला, शेजारची लेकरं भजी मागायला लागली, आणि चौथ्या दिवशी इंजिननं खोकून खोकून मान टाकली. दुरुस्तीला आलेला मेकॅनिक म्हणाला, "चाचा, पुढच्या वेळी मिरच्या पण सोडा." मग शेणाच्या गॅसचं बघून झालं, तेवढं शेण गोळा करायला घरी एक बकरीसुद्धा नव्हती. शेवटी नजर वर गेली. ऊन तेवढं फुकट होतं, आणि ते कुठल्या खाडीतून येत नव्हतं.

छपरावर सोलारच्या प्लेटा बसल्या, नवं मीटर लागलं, त्याच आठवड्यात फर्दापूरचा एक लॉजवाला जनरेटर बघायला आला. घरात दोघं दखनीत बोलत.

"महिनाभर रहने दे," जब्बार हळूच म्हणाला.

"रखके क्या अचार डालना है?" जैतुनबी म्हणाली. "गंज चढला की भंगारवाला पण नाही घेणार. आत्ता गिऱ्हाईक दारात उभं है."

जनरेटर टेंपोत चढला आणि घाटाखाली गेला. पुढच्या नऊ दिवसांत लाईट दोनदा गेली, दोन्ही वेळा रात्री, पाच-पाच मिनिटं. रात्री ऊन नसतं, तेव्हा मशीन थांबलं याचं कुणाला काही वाटलं नाही.

दहावा दिवस गुरुवार होता. अंड्यांचा एकोणिसावा.

सकाळी नऊच्या पुढं मागच्या खोलीतली गुणगुण थांबली. जैतुनबी अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी छपराकडं बघितलं. मे महिन्याचं ऊन प्लेटांवर असं पडलं होतं की डोळे ठरत नव्हते. तिला आनंदच झाला. तिनं जब्बारला हाक मारली, "आओ, देखो अब कमाल." दोघं मशीनसमोर जाऊन उभे राहिले, पाहुणे यायची वाट बघावी तसे. मशीन गप्प होतं. भिंतीवरच्या सोलारच्या पेटीत एक लाल दिवा लुकलुकला आणि विझला.

जब्बारनं बटणं खालीवर केली. वायरी हलवून बघितल्या. जैतुनबीनं सत्यमला फोन लावला.

"काकू, लाईन गेली असेल," तो म्हणाला. "लाईन आली की सुरू होईल."

"अरे, लाईन गेली म्हणून तर सोलार चालू व्हायला पायजे ना! वर ऊन मरणाचं पडलंय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, ते मी तेव्हा सांगितलं होतं. लाईनला जोडलेलं सोलार लाईन गेली की आपोआप बंद होतं. खांबावर माणसं काम करत असतात. तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली तर वर चढलेला माणूस मरेल. म्हणून तसं केलेलं असतं."

"मग आमची तार तोडून टाकते. मग तर नाय जाणार?"

"तरी नाही चालणार. समोर लाईन दिसल्याशिवाय ते सुरूच होत नाही. त्यासाठी बॅटरी लागते, काकू."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मन मोकळं करता आलं असतं. तिनं फोन बंद केला आणि जब्बारला सगळं सांगितलं, आपण काय बोललो होतो ते सोडून. ते सांगायची गरजही नव्हती, जब्बार तेव्हा शेजारीच होता. त्यानं खुंटीवरची टोपी काढली, स्कूटरची किल्ली घेतली आणि "जनरेटर देखता मैं," एवढं म्हणून निघाला. जैतुनबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं कडुबाला फोन लावला. कडुबा त्यांच्या भागाचा वायरमन. धापा टाकतच बोलला.

"चाची, घाटात तीन खांब झोपलेत. राती वारं सुटलं होतं ना, तव्हाच कलले होते, आता पार आडवे झाले. आम्ही तिथंच हाओत."

"किती वेळ लागंल, कडुबा?"

"आता काय सांगू? सांज व्हईल."

"सांज नको रे बाबा. एकोणिसावा दिवस हाय. आठशे चाळीस अंडी हायेत. परवा शनिवार."

"बघतो, चाची. हात चालवतो," कडुबा म्हणाला, आणि मागं कुणीतरी ओरडत होतं म्हणून फोन कट झाला.

आता तिच्या हातात एकच गोष्ट होती, आणि ती तिला चांगली येत होती. तिनं मशीनचं दार गच्च लावलं. कडीत फडकं कोंबलं. घरात जाऊन गोधड्या आणल्या, दोन रजया आणल्या, आणि मशीन वरून, बाजूनं, फटीफटीत सगळं गुंडाळलं. आतली ऊब आतच राहिली पाहिजे. मशीनवरचा तापमानाचा आकडा विजेवर चालणारा. तो विझलेला होता, त्यामुळं आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. ती गोधडीवर हात ठेवून बसली. हाताला गोधडी गरम लागली तेव्हा तिला धीर आला. तिच्या तोंडून आपसूक दुआ सुरू झाली.

अकराच्या सुमाराला लक्ष्मीबाई आली. पलीकडच्या आळीतली, वयानं जैतुनबीएवढीच. तिची साठ अंडी मशीनमध्ये होती. लाईट गेल्याचं ऐकून ती जनरेटरचा आवाज का येत नाही ते बघायला आली होती. मशीनचं ते गाठोडं बघून ती दारातच थबकली.

"अगं भाभी, हे काय? बाळंतिणीसारखं कामून गुंडाळलंस?"

जैतुनबीनं सांगितलं. सोलारचं सांगितलं, खांबाचं सांगितलं. बॅटरीचं नाही सांगितलं.

"दार उघड की मग जरासं. वारं लागू दे. जीव हाय त्यांच्यात."

"वेडी का काय? गारठून मरतील."

"मे महिन्यात?"

"तुला नाय कळायचं. पहिल्या हिवाळ्यात असंच झालं होतं. दोन तास दार उघडलं नाय मी. शंभरातलं एक पिलू मेलं नव्हतं."

लक्ष्मीबाईनं ती गोष्ट वीसदा ऐकलेली होती. मशीन जैतुनबीचं, सहा वर्षांचा अनुभव जैतुनबीचा. आपण घरात चार कोंबड्या पाळणारी बाई, आपण काय बोलावं? त्या हिवाळ्यात अंडी चौथ्या दिवसाची होती, आत नुसता रक्ताचा ठिपका होता, हे दोघींनाही त्या घडीला आठवलं नाही. एकोणिसाव्या दिवसाच्या अंड्यात पूर्ण पिलू असतं. ते श्वास घेतं, स्वतः गरमी टाकतं, आणि ती गरमी बाहेर काढायला पंखा लागतो.

"निदान खुडूक कोंबड्या बघते कुणाच्या," लक्ष्मीबाई म्हणाली. "बसतील तेवढी तरी त्यांच्याखाली घालू."

ती पदर खोचून निघाली. खुलताबादेत उन्हाच्या पारी दारोदार कोंबडी मागत फिरणारी बाई लोकांनी प्रथमच बघितली असेल. एकीच्या घरी कालपर्यंत खुडूक होती, काल संध्याकाळीच तिला पाण्यात बुचकळली. दुसरीच्या घरची डालग्याखाली होती, पण खूळ उतरलेली. घरातली दोन अंडी पुढं ठेवली तर तुडवून पळाली. तिसरीनं तर हसून विचारलं, "आता मशीन असताना कोण ठेवतंय खुडूक?" दीड तास वणवण करून तिला तीन मिळाल्या. एक तिनं पायी सुलीभंजनच्या रस्त्यापर्यंत जाऊन आणली. तिन्ही पदराखाली धरून, घामानं निथळत, साडेबाराला ती परत आली.

तोवर जब्बारचा फोन येऊन गेला होता. लग्नाचे दिवस. मंडपवाल्यांचे सगळे जनरेटर बाहेर. वेरूळला नानासाहेब मंडपवाल्याकडं एक मिळाला होता, तोही त्यानं ओळखीवर दिला. पण त्यात थेंबभर डिझेल नव्हतं, आणि पंपावर कॅनमध्ये देत नव्हते. तेव्हा जब्बारनं टेंपो ठरवला होता. टेंपोच्या टाकीत डिझेल घ्यायचं आणि नळीनं ओढून जनरेटरमध्ये घालायचं. "रांग में हूँ," तो म्हणाला. "आगे पस्तीस-चालीस गाड्या है. हो जाता. तू फिकीर नक्को कर."

"भाभी, उघड," लक्ष्मीबाईनं कोंबड्या टोपलीखाली सोडत सांगितलं. "एकीखाली बारा, छत्तीस अंडी काढ पटकन आणि परत लाव."

जैतुनबीला नाही म्हणवेना. पटकन काढू, पटकन लावू, असं म्हणत तिनं रजई बाजूला केली, फडकं उपसलं आणि दार ओढलं.

आतून जी वाफ आली तिनं तिचा चेहरा भाजला. भाकरीचा तवा तोंडाशी धरावा तसा. ती मागं सरकली. मग तिनं हात आत घातला आणि मधल्या ट्रेमधलं एक अंडं उचललं. ते हातात धरवेना.

"या अल्ला," ती म्हणाली. "लक्ष्मे, ही तर शिजली गं."

पुढचा अर्धा तास दोघींनी काय काय केलं याला सीमा नव्हती. गोधड्या ओढून फेकल्या. ट्रे बाहेर काढून सावलीत मांडले. ओली पोती खाली घातली. एक पुठ्ठ्यानं वारा घालत होती, दुसरी पाणी शिंपडत होती. जैतुनबी तोंडानं फुंकरही मारत होती, आठशे चाळीस अंड्यांना. बाहेरही बेचाळीसचं ऊन होतं, वारा घातला तरी तो गरमच. वर छपरावर प्लेटा तशाच लखलखत होत्या, आणि त्यांच्यात त्या वेळी किती वीज असेल, कुणास ठाऊक.

"पाण्यात बघू," लक्ष्मीबाई म्हणाली.

ही जुनी रीत दोघींनाही आईकडून आलेली. शेवटच्या दिवसांतलं अंडं कोमट पाण्यात सोडायचं. आत जीव असला तर अंडं पाण्यावर हलतं, डुचमळतं, कुणी आतून ढोसल्यासारखं. जैतुनबीनं मोठी परात आणली. पाणी तापवायची गरज नव्हती, टाकीतलंच तेवढं होतं. तिनं वीसेक अंडी अलगद सोडली आणि दोघी परातीवर वाकल्या.

पाणी शांत झालं. अंडी तरंगत राहिली. एकही हललं नाही.

"जरा थांब," लक्ष्मीबाई म्हणाली.

त्या थांबल्या. मग ती काढून दुसरी सोडली. मग तिसरी खेप. चौथ्या खेपेला कडेचं एक अंडं किंचित हललं आणि जैतुनबी ओरडलीच, "हे बघ, हे बघ!" तिनं ते ओंजळीत घेऊन लक्ष्मीबाईकडं दिलं, लक्ष्मीबाईनं ते कोंबडीखाली सरकवलं. दारालगतच्या, अगदी खालच्या ट्रेमधली काही वाचली होती. मधल्या ट्रेमधलं एकही नाही. दोन वाजेपर्यंत त्या परातीवर वाकून होत्या. एकोणतीस मिळाली. तीन कोंबड्यांखाली सगळी मावली, वर जागा उरली.

जैतुनबीनं मग हात पुसले आणि जब्बारला फोन लावला.

"सात गाड्या रह गए," तो आनंदानं म्हणाला. "बस, आलो मी."

"या घरी," ती म्हणाली. "रांगेतून निघा."

"कामून? लाईट आली?"

ती फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. पलीकडं कुणाचा तरी हॉर्न वाजत होता, मागचा माणूस जब्बारला टेंपो पुढं घ्यायला सांगत होता. जब्बारनं पुन्हा विचारलं नाही. तासाभरानं तो रिकामा जनरेटर घेऊन आला, तो टेंपोतून उतरवलासुद्धा नाही, आणि पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. जैतुनबी त्याच्याकडं बघत होती. त्यानं एकदा तरी म्हणावं, की मी सांगत होतो, महिनाभर ठेवू. त्यानं म्हटलं नाही. तिला वाटलं आपणच ओरडावं, कुणाला तरी धरावं. पण कुणाला धरणार? सत्यमनं सांगितलं होतं. लॉजवाल्यानं रोख देऊन नेलं होतं. वाऱ्यावर तक्रार होत नाही, आणि त्या खाडीत कोण कुणाशी लढतंय हे तिला अजूनही कळलं नव्हतं. आजही तिला कुणी गंडवलेलं नव्हतं, आणि तरी सगळं गेलं होतं.

तिघांनी मिळून अंडी पोत्यांत भरली. उद्या पहाटे शिवाराकडं नेऊन ती पुरायचं ठरलं. बायांना काय सांगायचं ते मात्र कुणीच बोललं नाही. लक्ष्मीबाई स्वतःची साठ अंडी वेगळी काढायच्या भानगडीत पडली नाही. तिनं फक्त पोत्याचं तोंड बांधताना एकदा नाक ओढलं.

सव्वापाचला लाईट आली. मशीन आपणहून गुणगुणायला लागलं, आकडा पेटला, भिंतीवरच्या पेटीत हिरवा दिवा लागला. रिकामं मशीन आपली ऊब धरून फिरत राहिलं. जब्बारनं उठून ते बंद केलं.

संध्याकाळची, मगरिबची अजान होऊन गेल्यावर दारात मोटारसायकल थांबली. कडुबा होता. शर्टाला मातीचे थर, ओठ फुटलेले, दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली. तो ओट्यावर बसला नाही, पडलाच. लक्ष्मीबाईनं आतून तांब्या आणून दिला. त्यानं तो एका दमात संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला.

"सकाळपासून दुसरं पाणी हाय हे, चाची," तो म्हणाला. "उन्हानं खांबाला हात लावू देईना. चारदा चढलो. तो बारक्या चक्कर येऊन पडला, त्याला दवाखान्यात धाडलं. साहेब म्हणत व्हते, आधी वेरूळची लाईन जोडा, तिथं हॉटेलं हायेत. मी म्हणलं, साहेब, हॉटेलातली माणसं कळ काढतील. चाचीकडं एकोणिसावा दिवस हाय. भांडलो त्यांच्याशी. म्हणलं, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण आधी खुलताबाद."

जैतुनबी चहाचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभी होती. पेला त्याला दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी धरावा लागला.

"रात नाय होऊ दिली बघा," कडुबा म्हणाला. त्याच्या भाजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "वाचली ना सगळी?"

जब्बारनं मान खाली घातली. लक्ष्मीबाई तांब्या हातात धरून उभी होती. तिनं जैतुनबीकडं बघितलं. पोती मागच्या खोलीत, दाराआड होती.

"व्हय," जैतुनबी म्हणाली. "वाचली. तुझ्यामुळं वाचली."

कडुबानं डोळे मिटून चहाचा घोट घेतला. थकलेल्या माणसाला चहा लागतो तसा त्याला तो लागला.

"बरं झालं," तो म्हणाला. "खरं तर सांगितलं नव्हतं मी तुम्हाला. आमच्या हिनं बी चाळीस दिलीत ह्या खेपेला, जाऊबाईच्या टोपलीतून. पोरगी रोज बोटं मोजतीय. शनिवारी दोघींना घेऊन येतो."

"ये," जैतुनबी म्हणाली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. "सकाळी लवकर ये, ऊन व्हायच्या आत."